झोपाळ्याचा डावा आकडा

मामांना सगळं युनिट मामाच म्हणायचं. खरे मामा ते एकटीचे, दिग्दर्शिकेचे. पण कामाच्या पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांदेखत "मामा, इकडे ये जरा" अशी हाक मारली आणि प्रकाशवाल्यांपासून केबल गुंडाळणाऱ्यांपर्यंत साऱ्यांनी तीच उचलली. "एका दिवसात एवढ्या जणांनी मामा बनवलेला माणूस मीच," असं ते सांगत आणि आधी स्वतःच हसत.

वय एकसष्ट. त्यातली चाळीस वर्षं कॅमेऱ्यामागे गेलेली. भाची कॉलेजात असताना त्यांच्या शेजारी उभी राहून फोकस धरायला शिकली. आता ती हुकूम सोडायची आणि मामा ऐकायचे. त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. उलट घरी मामीला सांगताना छाती दोन इंच फुगायची.

त्या रविवारी दुपारी एका संगीत नाटकाचं चित्रीकरण होतं. प्रेक्षकांसमोर, चालू प्रयोगात आणि एकदाच. दुसऱ्या दिवशी नाटक कंपनी दौऱ्यावर निघणार होती, तेव्हा चुकलं तर पुन्हा घेऊ ही सोय नव्हती. पाच कॅमेरे लावले होते. एक नंबर वर सज्जात, अख्खा रंगमंच दाखवणारा. तीन आणि चार दोन्ही अंगांना. पाच नंबर वादकांजवळ. आणि दोन नंबर दहाव्या रांगेच्या मधोमध, भल्यामोठ्या लांब भिंगाचा. त्याचं काम एकच, चेहरा. गाता गाता नायिकेच्या पापणीला पाणी आलं तर ते घरी बसून बघणाऱ्याला दिसलं पाहिजे, आणि ते दाखवणार दोन नंबर. तो मामांचा.

आणि मामांचा उजवा डोळा चार आठवड्यांपूर्वी बिघडला होता.

सुरुवात न्हाणीघरात झाली. दाढी करताना समोरच्या फरश्यांच्या रेघा मधेच वाकलेल्या दिसायला लागल्या. मामांनी आधी फरश्या बसवणाऱ्याला शिव्या घातल्या. मग दाराची चौकट वाकली, मग वर्तमानपत्रातली ओळ. आणि जिथे बघावं तिथे मधोमध एक मळकट डाग येऊन बसायला लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, इंजेक्शनं घ्यावी लागतील, उशीर करू नका. मामांनी चित्रीकरणानंतरचा मंगळवार ठरवला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागला होता, पण त्यात निदान रेघा सरळ होत्या, नुसतं धुकं होतं. ही गोष्ट त्यांनी मामीला सांगितली आणि थोरल्या बहिणीला, म्हणजे भाचीच्या आईला. दोघींना शपथ घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाले, एवढं एक काम होऊ दे.

काम कसं निभवायचं ते त्यांनी मनाशी पक्कं केलं. तीन तालमी त्यांनी डोळ्यांपेक्षा कानांनीच पाहिल्या. नायिका कोणत्या ओळीवर किती पावलं पुढे येते, कुठे वळते, हे पाठ केलं. भिंगाच्या कड्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावले, प्रत्येक जागेला एक. चित्र अंधुक दिसलं तरी बोट तुकड्यावर गेलं की फोकस बसणार. खिशात ते तुकडे बघायला एक छोटी विजेरी ठेवली.

शनिवारच्या तालमीत एक गोष्ट घडली. तिसऱ्या अंकात नायिका झोपाळ्यावर बसते, झोपाळा हळूहळू बारा फूट वर जातो, आणि तिथे अधांतरी झोके घेत ती आभाळाशी भांडण काढते. नाटकातलं सगळ्यात अवघड गाणं, सात मिनिटांचं. झोपाळा म्हणजे लाकडाची फळी. तिच्या दोन्ही टोकांना लोखंडी कड्या, कड्यांत आकडे, आणि आकड्यांपासून वर गेलेल्या पोलादी तारा. कड्या-आकडे कापडी वेलींनी झाकलेले. त्याशिवाय नायिकेच्या कमरेच्या पट्ट्याला मागून एक तिसरी बारीक तार असायची, सुरक्षेची. फळीचं काही झालंच तर त्या तारेनं तिला धरायचं.

ती तार दिव्यात चमकत होती. मामांच्या चौकटीत ती नायिकेच्या केसांमागून उभी वर जाताना दिसे.

"गाणं बघायचं सोडून माणूस तारच बघत बसेल," मामा हेडफोनवर म्हणाले.

भाचीनं आपल्या मॉनिटरच्या पडद्यावर पाहिलं, तिला पटलं. तिनं रंगमंचाच्या व्यवस्थापकाला विचारलं, एका प्रयोगापुरती काढता येईल का? व्यवस्थापकानं मान खाजवली. नऊ वर्षांत झोपाळ्याचं काही झालं नाही, म्हणाला, काढू. नायिकेला कोणी विचारलं नाही. तिला सांगितलं.

ती तिशीच्या आतली, बारीक चणीची बाई. कोमट पाण्याचा प्याला घेऊन दोन नंबरपाशी आली आणि रिकाम्या खुर्चीवर टेकली. "मला उंचीची भीती वाटते, मामा," ती म्हणाली. "कंपनीत कुणाला ठाऊक नाही. वर गेले की खाली बघत नाही मी. समोर सगळा काळोख असतो. तुमच्या कॅमेऱ्यावरचा लाल दिवा तेवढा दिसतो. त्याच्याकडे बघून गाते."

ज्या कॅमेऱ्याचं चित्र त्या क्षणी घेतलं जातं, त्याच्यावरचा लाल दिवा लागतो. दुसऱ्याचं घेतलं की विझतो. मामांनी भाचीला सांगून त्या गाण्यापुरता आपला दिवा सतत चालू ठेवायची सोय करून घेतली. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, तिला बरं वाटतं.

तारेबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं असं त्यांना तेव्हा वाटलंही नाही.

रविवारी नाट्यगृह गच्च भरलं. भाची मागे रंगपटाच्या एका खोलीत बसली होती. आरशांवर काळी कापडं टाकून तिथे पाच कॅमेऱ्यांचे पाच पडदे मांडले होते. तिथून ती हेडफोनवर सगळ्यांशी बोले. त्या लाइनवर नाती चालत नसत, फक्त नंबर. "एक, स्थिर राहा. चार, वादकांकडे नको. दोन, छान, तसाच ये."

पहिले दोन अंक पार पडले. मामांचा सदरा पाठीला चिकटला होता. डावा डोळा धुक्यातून बघत होता, बोटं तुकड्यांवरून फिरत होती, आणि कान नायिकेच्या पावलांवर होते. एकदोनदा चेहरा मऊ, धूसर पडला, पण भाची काही म्हणाली नाही. मध्यंतरात त्यांनी चहाला हात लावला नाही. अजून एक अंक, त्यांनी स्वतःला सांगितलं. अजून एक गाणं, खरं तर.

तिसरा अंक उघडला. व्हायोलिनं हलक्यानं सुरू झाली. नायिका झोपाळ्यावर बसली, वरच्या मचाणावरच्या दोन दोरवाल्यांनी कप्प्या फिरवल्या, आणि झोपाळा चढायला लागला. मामांनी चेहरा धरला. तिचे डोळे सरळ भिंगात, म्हणजे लाल दिव्यावर होते. पहिलं कडवं तिनं असं गायलं की रांगांमधली खोकल्याची उबळसुद्धा थांबली.

"दोन, आता उघड. गुडघ्यापर्यंत."

मामांनी चौकट मोठी केली. आता नायिका डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत, दोन्ही बाजूंच्या तारा, फळीची टोकं आणि वेली एवढं सगळं आत आलं. झोपाळा मागे गेला, पुढे आला. पुढे येताना प्रेक्षकांच्या डावीकडचा आकडा वेलीतून डोकावला, आणि तो मामांना वाकडा दिसला.

पण पुढच्याच क्षणी ते स्वतःवर चिडले. वाकडं दिसायचंच. त्यांनी उजवीकडचा आकडा पाहिला, तोही वाकडा. मग उजवा डोळा मिटून नुसत्या डाव्यानं पाहिलं; धुकं, आकार ओळखू येईना. झोपाळा मागे गेला. पुन्हा पुढे आला.

बोलावं? काय बोलावं? आठशे माणसं बसलीत, पाच कॅमेरे चालू आहेत, हे गाणं पुन्हा होणार नाही. आणि आपण ओरडायचं की आकडा वाकडा आहे, ज्या माणसाला घरची चौकट सरळ दिसत नाही त्यानं. गाणं थांबायचं, झोपाळा खाली यायचा, आकडा धडधाकट निघायचा. मग भाची विचारील, मामा, तुला नीट दिसतंय ना? मागे, पुढे. मागे, पुढे.

पाचव्या झोक्याला त्यांना एक गोष्ट दिसली जी डोळ्यातल्या दोषात बसत नव्हती. झोपाळा मधून जाताना पुरतं वजन तारांवर आलं, की डाव्या आकड्याच्या वळणाशी एक उजेडाची चीर पडत होती. मागचा दिवा तिच्यातून दिसत होता. झोपाळा टोकाला पोचला की चीर मिटत होती. उजव्या आकड्यापाशी असं काही नव्हतं. सहावा झोका. चीर उघडली, मिटली. सातवा. आठवा. चीर आता पुरती मिटतही नव्हती.

दोष डोळ्यात असता, तर तो झोक्याच्या तालावर उघडझाप कशाला करील?

"डावा आकडा उघडतोय," मामा म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही.

"कोण बोललं?"

"दोन. झोपाळ्याचा डावा आकडा उघडतोय. झोपाळा खाली घे."

भाचीनं आपल्या पडद्यांवर नजर फिरवली असणार. एक नंबरच्या चित्रात झोपाळा तळहाताएवढा. तीन आणि चारला वेली आड येत होत्या. दोन नंबरच्या चित्रात अख्खी बाई होती आणि तिच्या पायांशी पानांचा एक झुबका.

"मला काही दिसत नाही," ती म्हणाली. "दोन, चेहऱ्यावर ये. दुसरं कडवं येतंय."

"अगं, उघडतोय तो."

"मामा." त्या लाइनवर तिनं पहिल्यांदाच ते नाव घेतलं. "मला तुझ्या डोळ्याचं माहितीय. आईनं सांगितलंय. रेघा वाकड्या दिसतात तुला. आता चेहऱ्यावर ये."

हे सगळ्यांनी ऐकलं. सज्जातल्यानं, दोन्ही अंगांच्या दोघांनी, पाच नंबरनं, ध्वनीच्या टेबलावरच्या दोघांनी. मामांच्या कानशिलांत रक्त तापलं. चार आठवडे जपलेली मूठ आठशे माणसांच्या मधोमध, काळोखात उघडली होती, आणि ती उघडणारी त्यांचीच पोर होती. पण लाजायलासुद्धा वेळ लागतो, आणि तेवढा वेळ नव्हता.

"सगळंच वाकडं दिसतं मला," ते म्हणाले. "पण हलताना हे एकच दिसतंय. तू बघ, तुझे डोळे चांगले आहेत."

आणि त्यांनी चाळीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. गाणाऱ्या बाईचा चेहरा सोडला, चौकट खाली आणली, आणि भिंग पार टोकापर्यंत ओढून डाव्या आकड्यावर नेलं. तिथल्या फोकसला पांढरा तुकडा नव्हता. बोटांनी अंदाजानं कडं फिरवलं, थोडं पुढे, थोडं मागे. झोपाळा हलत होता, त्याच्याबरोबर कॅमेराही हलवत राहायचं होतं. त्यांना स्वतःला धुक्यात एक काळपट आकार दिसत होता, बस्स.

"दोन, काय करतो आहेस तू..." भाचीनं सुरुवात केली आणि वाक्य तिथेच टाकलं.

चित्र तिच्या पडद्यावर पोचलं होतं. लोखंडी आकड्याच्या वळणाला तडा गेला होता, तोंड फाकलं होतं, आणि कडी टोकाकडे सरकत होती.

पुढचं बोलताना तिचा आवाज इतका थंड होता की मामांना तिची आई आठवली. घरात कुणी पडलं-झडलं की ताई अशीच बोलायची. भाचीनं व्यवस्थापकाला सांगितलं, झोपाळा खाली घ्या, अगदी सावकाश, झटका नको. संगीत चालू राहू द्या. पडदा पाडू नका, ती दचकेल.

"तशीही दचकेल," व्यवस्थापक विंगेतून म्हणाला. त्याचा श्वास फुलला होता. "अजून दोन कडवी वर राहायचंय तिला. झोपाळा आत्ता हलला तर ती खाली बघणार. डावीकडे झुकली तर..."

नायिकेच्या कानात काही नव्हतं. वादकांच्या म्होरक्यालाही नव्हतं. तिला कळवायचं कसं?

"मी सांगतो तिला," मामा म्हणाले. "माझ्याकडेच बघतेय ती. माझा दिवा बंद करू नको."

त्यांनी कॅमेऱ्याची दांडी सोडली. खिशातली विजेरी काढली, लाल दिव्याच्या शेजारी उभे राहिले, आणि तिचा उजेड आपल्याच डाव्या तळहातावर पाडला. काळोखात एक हात तेवढा उजळला. मागच्या रांगेतून कुणीतरी त्रासून "बसा हो खाली" म्हणालं. मामांनी तळहात सपाट धरून तिला दाखवला, थांब. मग बोटांनी आपल्या उजवीकडे खूण केली. सावकाश. पुन्हा उजवीकडे. मग विजेरीची मूठ खाली, डावी मूठ तिच्यावर, उजेडात, दोरी धरल्यासारख्या, त्याच बाजूला.

तिला दिसलं की नाही, ते मामांना दिसायचा प्रश्नच नव्हता. त्या अंतरावर तिचा चेहरा म्हणजे त्यांना एक फिकट ठिपका होता. कानांचाच काय तो भरवसा. गाणं चालू होतं. एका ओळीच्या मध्यावर तिचा सूर केसभर थरथरला, सावरला, आणि पुढची ओळ ती जरा जास्तच सांभाळून गायली. मामांना कळलं, हिनं पाहिलं.

"सरकतेय," भाची कानात म्हणाली. "उजवीकडे सरकतेय. तार धरली. दोन्ही हातांनी धरलीय. आता खाली घ्या."

झोपाळा उतरायला लागला. दोरवाल्यांनी कप्पी इतकी हळू सोडली की प्रेक्षकांना तो नाटकाचाच भाग वाटला. बारा फुटांचे दहा झाले. नायिका गात होती. मामा विजेरी तशीच धरून उभे होते, हात खाली करायची छाती होईना. भाची फूट मोजत होती, जणू स्वतःसाठीच: नऊ. आठ. म्होरक्यानं मान वर करून पाहिलं, त्याला काही कळलं नाही, पण त्यानं ताल सोडला नाही. सात. फळी आता तिरकी झाली होती. सहा.

माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर आकडा सुटला.

फळीचं डावं टोक धाडकन खाली गेलं. नायिका फळीवरून निसटली आणि उजव्या तारेला दोन्ही हातांनी लोंबकळली. क्षणभरच. मग तार तिच्या मुठींतून सरकली आणि ती रंगमंचावर एका पायावर आली, मग गुडघ्यावर. व्हायोलिनं एकेक करत थांबली. आठशे माणसांचा एकच श्वास आत ओढल्याचा आवाज मामांनी ऐकला. व्यवस्थापक धावत आला आणि पडदा पडला.

मामा मागे पोचेपर्यंत तिला रंगपटातल्या खुर्चीवर बसवलं होतं. दोन्ही तळहातांची साल निघाली होती, डावा घोटा सुजायला लागला होता. प्रेक्षकांतून आलेल्या एक डॉक्टरीणबाई तिचा पाय हलवून बघत होत्या. हाड शाबूत आहे, म्हणाल्या. टेबलावर तो आकडा पडला होता. वळणाच्या आतून जुना तडा, गंजून काळा पडलेला; फक्त शेवटचा भाग नवा, चकचकीत. नऊ वर्षं कुणी वेली बाजूला करून आत पाहिलंच नव्हतं. व्यवस्थापक तो हातात फिरवत राहिला. "सुरक्षेची तार असती तर..." एवढं म्हणून त्यानं भाचीकडे पाहिलं.

"तार मी काढायला लावली," भाची सगळ्यांसमोर म्हणाली.

"मी सांगितलं म्हणून," मामा म्हणाले. "चित्रात चमकत होती."

नायिकेनं मान वर केली. हातांना औषध लागत होतं, तिचे ओठ आवळलेले होते. ती रडत नव्हती.

"चमकली असती," ती म्हणाली. "काय बिघडलं असतं?"

मामांनी माफी मागितली. भाचीनंही मागितली. नायिकेनं ती घेतलीही नाही आणि परतही केली नाही. थोड्या वेळानं विचारलं, लोक गेले का? व्यवस्थापक म्हणाला, कुणी उठलेलं नाही, तुम्ही कशा आहात ते विचारताहेत. तिनं पाय जमिनीला टेकवून पाहिला, कळवळली, पुन्हा टेकवला. मग म्हणाली, गाणं उभी राहून म्हणते. कुणी नको म्हणायच्या आत तिनंच कारण सांगितलं: अर्धं गाणं घशात ठेवून घरी गेले तर आज झोप लागणार नाही. पण एक खांब द्या टेकायला.

तिला तयार करत होते तेव्हा मामा भाचीला घेऊन बाहेरच्या बोळात आले. तिथे नेपथ्याच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या होत्या. दोघं एकेका पेटीवर बसले.

"कधीपासून माहीत होतं?" मामांनी विचारलं.

"दोन आठवडे झाले. आईला पोटात ठेवता आलं नाही."

"मग दोन नंबर मला का दिलास?"

भाची हातातल्या हेडफोनची वायर सरळ करत राहिली. "तुला नको कसं म्हणू? कॅमेरा धरायला तूच शिकवलंस," ती म्हणाली. "तीन नंबरच्या मुलीला सांगून ठेवलं होतं. तुझं चित्र मऊ पडलं की तिचं घ्यायचं."

"आज किती वेळा घेतलं?"

"दोनदा."

मामांनी मान हलवली. दोनदा म्हणजे पहिल्या अंकात नेपथ्यातल्या सज्जाखालच्या प्रवेशात आणि दुसऱ्यात नायिका पाठमोरी वळते तेव्हा. त्यांना दोन्ही जागा ठाऊक होत्या. "त्या आठ झोक्यांत मी गप्प बसलो," ते म्हणाले. "पहिल्यालाच बोलायला हवं होतं. डोळ्याचं तुला आधीच सांगितलं असतं, तर पहिल्यालाच बोललो असतो."

"आणि मी ऐकलंही असतं," भाची म्हणाली. "निदान तसं वाटतंय. तू सांगितल्यावरही मी चेहराच मागत होते, मामा." तिचा आवाज आता मघासारखा थंड नव्हता.

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, ती लहान होती तेव्हा ठेवायचे तसा, आणि लगेच काढून घेतला. मग उठून आत गेले आणि तीन नंबरवाल्या मुलीला सगळ्यांदेखत सांगितलं, की माझा उजवा डोळा अधू आहे, दोन नंबर तू घे. चिकटपट्ट्यांचे तुकडे कुठल्या जागेचे ते तिला नीट समजावलं. ती घाबरली होती. त्यांनी सांगितलं, तुला तुकड्यांची गरज पडायची नाही, पण असू देत.

पाऊण तासानं पडदा उघडला. नायिका खांबाला टेकून, एक पाय अधांतरी धरून उभी राहिली आणि गाणं पहिल्या ओळीपासून गायली. मामा रंगपटाच्या खोलीत, भाचीच्या मागच्या स्टुलावर बसले होते. त्यांना पडदे नीट दिसत नव्हते. तिनं मागितलं तर पाणी द्यायचं, एवढंच काम उरलं होतं. तिनं मागितलं नाही.

त्याच आठवड्यात भाचीनं निर्मात्यांना आणि नाटक कंपनीला पत्र लिहिलं. तार कोणी काढायला सांगितली, कोणाच्या सांगण्यावरून, आणि आकड्यांची तपासणी किती वर्षांत झाली नव्हती, सगळं त्यात होतं. खाली तिची सही, आणि तिच्याखाली मामांची. निर्मात्यांनी तिचं पुढचं काम दुसऱ्याला दिलं. कंपनीनं सगळे आकडे, कड्या, कप्प्या बदलल्या आणि दौरा पंधरा दिवस पुढे ढकलला. नायिकेनं दोघांपैकी कुणालाही फोन केला नाही. तिचे हात बरे झाल्याचं व्यवस्थापकाकडून कळलं.

ठरलेल्या मंगळवारी मात्र भाचीच मामांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. मामीनं येते म्हटलं, तर मामा म्हणाले, हिचीच पाळी आहे. इंजेक्शन झालं, उजव्या डोळ्यावर पट्टी बसली. डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढं टिकेल, कदाचित थोडं सुधारेल, आणखी दोनतीन वेळा यावं लागेल. जिना उतरताना भाचीनं त्यांचा दंड धरला. त्यांनी धरू दिला.

गाडीत बसल्यावर भाचीनं किल्ली घातली. मग मामांनी विचारलं, शेवटचं गाणं चित्रात कसं आलंय?

भाचीनं गाडी सुरू केली नाही. हात स्टिअरिंगवर ठेवून तिनं सांगायला घेतलं, पहिल्या ओळीपासून. आधी एक नंबर, सगळा रंगमंच, ती एकटी खांबाला टेकलेली. मग दोन, चेहरा, घामाचा एक थेंब कानामागून उतरतोय. दुसऱ्या कडव्याला दोन नंबर घेतलेल्या त्या पोरीनं हात घेतले, पट्ट्या बांधलेले. मामा डोळे मिटून ऐकत होते, मधून मधून बोटं मांडीवर हलत होती.

"हातांवर किती वेळ थांबलीस?"

"एक ओळ."

"कमी थांबलीस," मामा म्हणाले. "दोन ओळी हव्या होत्या."

"दुसऱ्या ओळीला ती वर बघते, मामा. चेहरा सोडून चाललं नसतं."

"हात बोलत असताना चेहरा कशाला?"

दवाखान्याच्या आवारात मागून एका गाडीनं हॉर्न दिला; त्यांना जागा हवी होती. भाचीनं हातानं थांबा म्हणून खूण केली आणि दुसरं कडवं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.